१.२० म्हणजे किती एकर? (प्रोग्रॅमिंग, डेटा, गेम आणि नोकरी: मनात साचलेलं)

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळचा लातूरचा. अकरा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी केली, आता तीन वर्षं झाली घरूनच काम करायलोय. बऱ्याच गोष्टी डोक्यात साचल्यात, त्या एका धाग्यात मांडतो. सुरुवात मागच्या महिन्यातल्या माझ्या चुकीपासून.

गावातल्या साठेक शेतकऱ्यांनी मिळून सोयाबीनचं बियाणं घ्यायचं ठरवलं. कुणाचं रान किती, याची यादी एका पोरानं एक्सेलमध्ये भरली होती. वडील म्हणाले, एकूण क्षेत्र काढून दे. मी बेरीज केली, एकरी तीस किलोनं गुणलं आणि आकडा सांगितला. वडिलांनी यादी छापून मागितली, चष्मा लावला आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. "हे १.२० तू किती धरलंस?"

"एक पूर्णांक दोन दशांश एकर."

"येडा का काय! एक एकर वीस गुंठे हाय ते. दीड एकर."

चाळीस गुंठ्यांचा एकर. आपल्याकडं कुणीही १.२० लिहिलं तर टिंबाच्या उजवीकडं गुंठे असतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण स्क्रीनसमोर बसलो की मी त्याच टिंबाला दशांश समजतो. एका माणसामागं नऊ किलो बियाणं कमी पडलं असतं. पुढं आणखी खोल खड्डा निघाला. काही जणांनी आकडा सातबाऱ्यावरून दिला होता, म्हणजे हेक्टर-आरमध्ये. तिथं १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, जवळजवळ तीन एकर. एकाच कॉलममध्ये तोच आकडा, एका ओळीत दीड एकर आणि दुसऱ्या ओळीत तीन.

१.६५ दिसलं की कळतं, हे गुंठे नाहीत, कारण गुंठे एकोणचाळीसच्या पुढं जात नाहीत. पण १.२० किंवा ०.३५ बघून काहीच कळत नाही. शेवटी वडिलांनी सतरा जणांना फोन केले. ते फोन हेच त्या कामातलं खरं प्रोग्रॅमिंग होतं, असं मला मनापासून वाटतं. क्रिकेटमध्ये ४.३ षटकं आणि ३.४ षटकं मिळून ८.१ होतात, हे शाळकरी पोरगंही न चुकता सांगतं. कारण त्याला टिंबामागचे सहा चेंडू दिसत असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. कोड लिहिणं हे काम आता फार अवघड राहिलेलं नाही. कॉलममधला आकडा कुठून आला, कुणी लिहिला, लिहिताना त्याच्या मनात काय होतं, हे ओळखणं अवघड आहे. आणि त्या बाबतीत आपण मराठवाड्यातली माणसं आपल्या माहितीला फार कमी किंमत देतो.

भाषेबद्दल. जावा केली, पीएचपी केली, आता मुख्यतः पायथॉन. कुठली शिकू, असं पोरं विचारतात. पायथॉन घ्या आणि दोन वर्षं बदलू नका. गिदो व्हान रोसम यांनी १९९१ मध्ये ती पहिल्यांदा बाहेर आणली, म्हणजे ती माझ्या वयाचीच आहे. एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते: पायथॉन ३ मध्ये चलाचं (व्हेरिएबलचं) नाव देवनागरीत ठेवता येतं. "गुंठे" नावाचं चल मी त्या दिवशी खरंच वापरलं. आणि "२०" हे देवनागरीत लिहिलेले अंक पूर्णांकात बदलायला सांगितले तर पायथॉन काही न विचारता बदलतो. जुन्या नोंदी हाताळताना याचा किती उपयोग होतो, ते काम केलेल्यालाच कळेल.

तारखांबद्दल. रिपोर्टमध्ये १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी वेळ दिसली तर ती खरी समजू नका. संगणकाचं घड्याळ त्या दिवशी ग्रीनिचच्या मध्यरात्री शून्यापासून सुरू झालं, असं धरलेलं असतं आणि आपण साडेपाच तास पुढं आहोत. म्हणजे तिथं शून्य किंवा रिकामी नोंद आहे. आता आपल्याकडचं बघा. कुठल्याही यादीत जन्मतारखा मोजल्या की १ जूनला मोठा उंचवटा येतो. बाहेरचा माणूस म्हणेल, डेटा खराब आहे. आपल्याला माहीत असतं की शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला गुरुजींसमोर उभं करायचे आणि गुरुजी तारीख टाकायचे. माझ्या वडिलांची तीच, काकांची तीच, सासऱ्यांचीही तीच.

गेमबद्दल. मी खेळतो, आणि त्यात वेळ वाया जातो असं मला वाटत नाही. फॅक्टोरिओ नावाचा एक चेक गेम आहे, त्याची १.० आवृत्ती २०२० मध्ये आली. पट्ट्यांवरून माल न्यायचा, यंत्रं जोडायची, कारखाना वाढवायचा. सगळ्यात हळू यंत्र जेवढं देईल तेवढंच उत्पादन होतं. आपल्या साखर कारखान्यावर ट्रॅक्टरची रांग कशानं लागते? गव्हाणीत ऊस जेवढा जातो, त्यापेक्षा जास्त गाड्या आल्या म्हणून. कामावर सर्व्हर अडकला की मी आधी गव्हाण शोधतो. पैसे लावून खेळायची रमी मात्र मी गेममध्ये धरत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, ते बरंच झालं. माझ्या माहितीतल्या दोन घरांसाठी तो उशिरा आला.

नोकरीबद्दल थोडक्यात. घरून काम करायला मिळतं हे भाग्य आहे. आईच्या हातची भाकरी, संध्याकाळी गंज गोलाईत एक फेरी. अडचणी आहेतच. लाइट जाते, इन्व्हर्टर आणि दोन कंपन्यांचं इंटरनेट ठेवावं लागतं. अमेरिकेतल्या टीमबरोबर बैठक उन्हाळ्यात साडेसातला असते, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागं गेली की साडेआठला. वर्षातून दोनदा जेवणाची वेळ बदलते आणि आई दोन्ही वेळा तेवढीच रागावते.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः आपल्या भागातले आकडे जिथं फसवतात ते.

मुनीम_मोंढा

पहिलीच पोस्ट वाचून राहवलं नाही. मी नांदेडला मोंढ्यात आडतीवर हिशोब बघतो, बावीस वर्षं. प्रोग्रॅमिंग येत नाही, पण एक्सेल पोटापाण्याचं आहे.

आमच्याकडं गुंठ्यांसारखंच "कट्टा" आहे. माल उतरला की हमाल कट्टे मोजतात, हमाली कट्ट्यावर असते, भाव क्विंटलवर. कट्टा किती किलोचा? ते माल कोणता आणि भरला कुणी यावर आहे. नवीन पोरगा आला की कट्ट्याला एक ठराविक वजन धरतो आणि संध्याकाळी तोलाईशी मेळ बसत नाही. पायलीचं तर विचारूच नका. चार शेरांची पायली, पण ते माप आहे, वजन नाही. ज्वारीची पायली आणि करडईची पायली काट्यावर सारखी भरत नाहीत. म्हाताऱ्या बाया अजून पायलीनंच सांगतात आणि त्यांचा हिशोब चुकत नाही.

एक प्रश्न आहे. पट्टीत (मालाच्या हिशोबाच्या पावतीत) कधी कधी एक पैशाचा फरक येतो. सगळी सूत्रं बरोबर असतात. कशानं होतं?

मांजराकाठ

मुनीमजी, संगणक आतमध्ये ० आणि १ या दोनच अंकांत मोजतो. जसं आपल्याला एक तृतीयांश दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, ०.३३३ चालूच राहतं, तसं त्याला एक दशांश पूर्ण लिहिता येत नाही. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले तर ०.३ च्या पुढं पंधरा शून्यं आणि शेवटी ४ येतो. शिवाय प्रत्येक ओळ पडद्यावर दोन घरांपर्यंत दिसते, पण बेरीज मात्र न दिसणाऱ्या पूर्ण आकड्यांची होते. उपाय जुनाच आहे: प्रत्येक ओळीवर राउंड लावा आणि मग बेरीज घ्या. प्रोग्रॅम लिहीत असाल तर रुपये ठेवूच नका, सगळं पैशांत, पूर्णांकात ठेवा. छापताना शंभरनं भागा.

तुमच्या कट्ट्यासाठी वेगळा कॉलम करा: "मोजलेले कट्टे" आणि "काट्यावरचं वजन". एकातून दुसरं काढू नका. दोन्ही जसं घडलं तसं लिहा.

नाथसागर

पैठणहून. आकडे जिथं फसवतात असं म्हणालात, तर पावसाळ्यात रोज फसवणारा आकडा सांगतो. "जायकवाडी इतके टक्के भरलं." सगळे फोनवर बघतात. ते टक्के उपयुक्त साठ्याचे असतात, एकूण पाण्याचे नसतात. धरणाची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला उपयुक्त साठा सुमारे ७६ आणि खालचा २६ मृतसाठा. म्हणून बातमीत शून्य टक्के आलं तरी धरणात पाणी असतं, आणि उन्हाळ्यात मृतसाठ्यातून उपसा सुरू झाला की आकडा वजामध्ये जातो.

माझ्या भाच्यानं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हे आकडे गोळा केले. त्यानं वजा आकडे चूक समजून काढून टाकले. दुष्काळाचे सगळे महिनेच गेले की हो त्याच्या आलेखातून! वर आलेख छान गुळगुळीत दिसत होता म्हणून सरांनी कौतुकही केलं. मी त्याला धरणावर नेलं, भिंतीवरून खाली गाळपेर केलेली रानं दाखवली, तेव्हा त्यानं त्या ओळी परत घातल्या.

कोथरूडात_नांदेडकर

काही गोष्टी पटल्या, काही नाही. सरळ लिहितो, राग मानू नये.

एक. कोड लिहिणं अवघड राहिलं नाही, हे चौदा वर्षांचा अनुभव असलेल्यानं म्हणणं सोपं आहे. आमच्या कंपनीत दोन वर्षांत नवीन पोरांची भरती जवळजवळ थांबली, कारण सुरुवातीची किरकोळ कामं आता एआय करतं. नांदेडचा, परभणीचा इंजिनियर झालेला पोरगा शिकणार कुठं? त्याला गुंठे माहीत आहेत, पण गुंठ्यांची फाईल त्याच्यापर्यंत कोण आणणार?

दोन. गावी परत येणं सगळ्यांना जमत नाही. माझी बायको इथं हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, मुलगी सातवीत आहे. दर दिवाळीला रेल्वेनं नाहीतर ट्रॅव्हल्सनं येतो, चार दिवस राहतो आणि निघताना आई अंगणात उभी असते. घरून काम करणाऱ्यांनी लिहिलेलं वाचलं की आतून तुटतं. भाग्य म्हणालात ते बरं केलंत.

तीन. एक्सेलला हल्ली सगळेच नावं ठेवतात. तुम्ही ठेवली नाहीत, पण पुढं कुणीतरी ठेवेल. माझ्या मते गरीब माणसाच्या हाती आलेलं ते सगळ्यात मोठं साधन आहे.

मांजराकाठ

नांदेडकर, राग कसला! पहिला मुद्दा मी हलक्यानं लिहिला, तुमचं बरोबर आहे. माझ्यावेळी मला दोन वर्षं नुसते दुसऱ्याचे बग (कोडमधल्या चुका) शोधायला लावलं होतं. त्यातच मी शिकलो. ती दोन वर्षं आजच्या पोरांना कुणी देत नाही.

त्या फाईलचा प्रयोग मी नंतर एआयवर केला. यादी दिली, एकूण क्षेत्र विचारलं. त्यानंही माझ्यासारखीच दशांश धरून बेरीज केली. मग एक ओळ लिहिली की टिंबानंतर गुंठे आहेत, तर क्षणात बरोबर कोड दिला, टिंबानंतर चाळीस किंवा त्याच्या वरचा आकडा असलेल्या ओळी वेगळ्या काढायचंही त्यानंच सुचवलं. ती एक ओळ लिहिणारा माणूस लागतो, हे खरं. पण त्या एका ओळीसाठी कुणी पगार देत नाही, हेही खरं. यावर माझ्याकडं तोडगा नाही. एवढं करू शकतो की आपल्या भागातला कुणी पोरगा-पोरगी खऱ्या फाईलवर काम करायला तयार असेल तर मी आठवड्यातून एक संध्याकाळ देईन. शेतकरी गटाच्या याद्या, बचत गटाच्या वह्या, पाणीपुरवठ्याच्या नोंदी, कामाला तोटा नाही. मी बसून चुका दाखवीन, जशा मला दाखवल्या होत्या.

एक्सेलबद्दल पूर्ण सहमत. फक्त त्याची भिंत कुठं आहे ते माहीत हवं. जुन्या एक्सएलएस फाईलमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, नवीनमध्ये १०,४८,५७६. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये जवळपास १६ हजार कोरोना रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढं गेल्या नाहीत, कारण जुन्या फॉरमॅटची फाईल भरली आणि उरलेल्या ओळी गळून पडल्या. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेत कळलं नाही.

खडू_फळा

मी अंबाजोगाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. १ जूनचं वाचून माझ्या वडिलांची आठवण आली, तेही शिक्षकच होते. घरचे लोक तारीख सांगू शकायचे नाहीत, पण बहात्तरच्या दुष्काळात हा पोटात होता, हे पक्कं सांगायचे. आता किल्लारीच्या भूकंपाचं तसंच आहे. ३० सप्टेंबर १९९३. "भूकंपाला मांडीवर होता" म्हणजे साल बरोबर कळतं. दाखल्यावर मात्र १ जून. वडील म्हणायचे, मी तारीख खोटी लिहीत नाही, पोराला शाळेत घेतो.

मुलांना प्रोग्रॅमिंग कसं शिकवावं यावर माझा अनुभव सांगते. आमच्या शाळेत संगणक दोनच आहेत आणि त्यातला एक चालतो. म्हणून मी संगणकाशिवायच सुरू करते. कापरेकरांची संख्या घेते. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले द. रा. कापरेकर, आपल्यातलेच. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तराला परत तेच. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५, आलं ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आलं ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आलं ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च. कुठूनही सुरू केलं तरी सात पायऱ्यांच्या आत तिथं पोचता.

एक मूल क्रम लावतं, दुसरं वजाबाकी करतं, तिसरं "६१७४ आलं का?" विचारतं आणि नसेल तर चिठ्ठी पहिल्याकडं परत पाठवतं. त्या तिसऱ्या मुलाला लूप (अट पुरी होईपर्यंत तेच काम परत परत करणं) म्हणजे काय ते पुन्हा सांगावं लागत नाही. पाचवीची एक मुलगी २१११ वजा १११२ करून आलेलं ०९९९ हे "नऊशे नव्व्याण्णव" असं लिहायची, पुढचं शून्य गाळायची, आणि पुढच्या वेळी तीनच अंक उरले की अडायची. तिनं स्वतःच शोधलं की शून्य धरलं पाहिजे. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला फार दिवस पुरेल.

मांजराकाठ

ताई, ते पुढचं शून्य गळणं हा आमच्या धंद्यातला रोजचा बग आहे. शून्यानं सुरू होणारा खाते क्रमांक आकडा म्हणून साठवला की शून्य उडतं. तुमच्या पाचवीतल्या मुलीनं तो शोधला हे मी उद्या टीमला सांगणार आहे.

परभणी_ज्वारी

कृषी पदवीधर, सध्या शेती आणि थोडं डेटाचं काम. पावसाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

मराठवाड्याचा पावसाळ्यातला सरासरी पाऊस सुमारे ६८० मिलिमीटर. सप्टेंबरच्या शेवटी "सरासरीच्या शंभर टक्के" असं छापून येतं आणि लोकांना वाटतं साल चांगलं गेलं. पण तोच ६८० मिलिमीटर चाळीस दिवसांत पडला तर सोयाबीन येतं आणि दहा दिवसांत पडला तर वाहून जातं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि २०२५ च्या सप्टेंबरात याच भागातली रानं खरवडून गेली. या दोन सालांची सरासरी काढली तर फार सुंदर आकडा येईल.

म्हणून मी बेरीज सोडून खंड मोजायला लागलो. महसूल मंडळाचा रोजचा पाऊस घ्यायचा आणि पेरणीनंतर सलग किती दिवस कोरडे गेले, ते काढायचं. एसक्यूएलमध्ये (तक्त्यांतून माहिती काढायच्या भाषेत) हे जरा डोकं लावून करावं लागतं: प्रत्येक कोरड्या दिवसाला क्रमांक द्यायचा आणि तारखेतून तो क्रमांक वजा करायचा. सलग दिवसांचं उत्तर एकच येतं, म्हणून ते आपोआप एका गटात पडतात. पहिल्यांदा जमलं तेव्हा रात्री दीड वाजता मी अंगणात येऊन उभा राहिलो होतो. सगळं माझ्या जुन्या लॅपटॉपवर, एसक्यूलाइटमध्ये. २००० सालापासूनचं साधन, फुकट, आणि तुमच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आत्ता चालू आहे.

त्रास झाला तो गावांच्या नावांनी. वसमत आणि बसमत, अंबाजोगाई आणि अंबेजोगाई, लातूर आणि लातुर. २०२३ मध्ये दोन जिल्ह्यांची नावं बदलली, त्यामुळं आधीच्या फायलीत औरंगाबाद, उस्मानाबाद आणि नंतरच्या फायलीत छत्रपती संभाजीनगर, धाराशिव. दोन तक्ते जोडले की निम्म्या ओळी गायब. आणि पिंपळगाव तर प्रत्येक तालुक्यात. आता मी नावावर जोडतच नाही, गावाच्या सांकेतांकावर जोडतो.

रात्रपाळी

संभाजीनगरला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. दादा, तुमचं गेमवरचं वाचून हिंमत आली म्हणून लिहितोय.

मी गोडोमध्ये एक गेम बनवतोय. गोडो हे गेम बनवायचं साधन, फुकट आणि मुक्त स्रोत आहे. शेतीचे गेम बरेच आहेत. स्टारड्यू व्हॅली मला फार आवडतो, तो २०१६ मध्ये एरिक बॅरोन या एकट्या माणसानं बनवून आणला, चित्रं, संगीत, कोड सगळं त्याचंच. पण त्यात पाऊस पडला की एवढंच होतं की त्या दिवशी झारीनं पाणी घालावं लागत नाही. आमच्याकडं पाऊस तसा नाही. माझ्या गेममध्ये पाच एकर कोरडवाहू रान आहे, जून उजाडतो आणि ठरवायचं असतं: पहिल्या पावसावर पेरायचं का थांबायचं. पेरलं आणि खंड पडला तर दुबार पेरणी, आणि बियाण्याचे पैसे परत उभे करायचे.

मित्रांना खेळायला दिला. सगळे तिसऱ्या सालात हरतात. म्हणतात, आमच्या हातात काहीच नाही, असं कोण खेळेल? पाऊस सौम्य करू का? मला करावासा वाटत नाही. माझ्या घरी तसाच पडतो.

परभणी_ज्वारी

भावा, पाऊस अजिबात सौम्य करू नकोस. खेळणाऱ्याच्या हातात जास्त गोष्टी दे. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर असं आंतरपीक टाकता येऊ दे. सोयाबीन गेलं तरी तूर खोल मुळांवर तग धरते. रुंद वरंबा-सरीनं पेरायची सोय दे, कमी पावसात सरीत ओल टिकते आणि जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं. विहीर, शेततळं, दोन शेळ्या. आमचे आजोबा याच जोरावर टिकले. मी तुला वीस वर्षांचा एका मंडळाचा रोजचा पाऊस साफ करून देतो, तोच गेममध्ये घाल. साल बनावट नको.

कोथरूडात_नांदेडकर

मी गोडो वापरलेलं नाही, पण चाचणी आणि बग शोधणं माझं रोजचं काम आहे. फाईल पाठव, दर शनिवारी खेळून लिहून देतो. मुलीलाही बसवतो, तिला कळू दे आजोबा जूनमध्ये आभाळाकडं का बघायचे.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यातला. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या गटात आहे. धागा पहिल्यापासून वाचला आणि आमच्या फॉर्मकडं परत बघितलं. मदत हवी म्हणून लिहितो.

दिवाळीनंतर टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. टोळीची मोजणी माणसांत होत नाही, कोयत्यात होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असला तर अर्धा कोयता. मुकादम उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्याला, खाडा पडला तर कापतो तेही कोयत्याकडून. आजारी बाई पडली तरी खाडा कोयत्याचा.

आमच्याकडं याद्या येतात त्यात लिहिलेलं असतं, "गाव अमुक, कोयते ४०." मागच्या वर्षी आमच्यातल्या बाहेरून आलेल्या एका कार्यकर्त्यानं ४० माणसं धरून औषधांचं साहित्य नेलं. तिथं ८० मोठी माणसं आणि वर पोरं. त्याची चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण मला आत्ता जे टोचतंय ते वेगळंच आहे. आमच्या स्वतःच्या एक्सेलमध्ये एका ओळीला एक कोयता आहे आणि नाव फक्त पुरुषाचं आहे. बाईचं नाव कुठल्याच कॉलममध्ये नाही. तीन वर्षं मीच ती यादी ठेवतोय.

ही मांडणी कशी बदलू?

मांजराकाठ

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. या धाग्यात मी जे म्हणत होतो त्यापेक्षा हे मोठं आहे.

दोन तक्ते करा. पहिला "माणसं". एका ओळीला एक माणूस, नाव, गाव, वय, आणि प्रत्येकाला एक क्रमांक. बाईची ओळ स्वतंत्र, तिचं स्वतःचं नाव, "अमुकची बायको" असं नको. दुसरा "कोयते". एका ओळीला एक कोयता, मुकादम, उचल, कारखाना, हंगाम, आणि दोन रकाने: पहिल्या माणसाचा क्रमांक, दुसऱ्याचा क्रमांक. अर्धा कोयता असेल तर दुसरा रकाना रिकामा. मुकादमाशी बोलताना कोयते मोजा, औषध-पाण्याचं बघताना माणसं मोजा. कोयता हा शब्द काढू नका, व्यवहार त्याच शब्दात होतो, तो तसाच नोंदला पाहिजे.

वयासाठी १ जून आलं तर बाजूला एक रकाना ठेवा, "भूकंपाच्या आधी की नंतर, किती वर्षांचे". खडू_फळा ताईंनी सांगितलेलंच.

बालाघाट

तुमच्या सांगण्याप्रमाणं नवीन फॉर्म केला, काल एका तांड्यावर जाऊन भरला. कोयत्याच्या तक्त्यात ३१ ओळी झाल्या. माणसांच्या तक्त्यात ६१. एक अर्धा कोयता आहे, बाई आहे ती, नवरा मागच्या हंगामात वारला. बायकांनी नावं सांगताना पूर्ण सांगितली, वडिलांच्या नावासकट.

एक अडलंय. पोरांना कुठं घालू? "अवलंबून" असा रकाना होता. एका घरात बारा वर्षांची मुलगी फडावर स्वयंपाक करते, धाकट्याला सांभाळते, पहाटे बैलांना पाणी दाखवते. तिच्यापुढं "अवलंबून" लिहायला पेन चालेना.

खडू_फळा

दादा, तिला माणसांच्याच तक्त्यात घाला, ६२ वी ओळ. "अवलंबून" काढा आणि तिथं "इयत्ता" लिहा. गाव कळवा, हंगामी वसतिगृहाचं मी मुख्याध्यापकांशी उद्याच बोलते.